दिसणे, पाहणे आणि भान : सारथ्याच्या नजरेचा इतिहास

काही वर्षांपूर्वी डिसेंबरातल्या एका सकाळी महाविद्यालयाकडे जाताना माझ्या मोटारीचा धक्का एका दूधवाल्याच्या सायकलला लागला. वेग कमी होता, म्हणून त्यांचे कोपर खरचटण्यावर आणि दोन किटल्या दूध सांडण्यावर निभावले. धुके नव्हते, ऊन डोळ्यांवर येत नव्हते, रस्ता सरळ होता. आदल्या संध्याकाळी एका सहकाऱ्याशी झालेला वाद मात्र मी मनातल्या मनात पुन्हा लढत होतो आणि या खेपेस जिंकतही होतो. गृहस्थ उठून बसले आणि रागापेक्षा आश्चर्यानेच म्हणाले, "अवो सर, माझ्याकडंच बघत हुता की तुमी! मग?"

त्या 'मग?'चे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मी त्यांच्याकडे बघत होतो हे खरे होते. त्यांची सायकल माझ्या डोळ्यांसमोर होती हेही खरे होते. तरीही ते मला 'दिसले' ते धक्का लागल्यानंतर. हे कसे घडते, या प्रश्नाचा माग काढताना रेल्वेचे अपघात, मानसशास्त्राच्या प्रयोगशाळा, मोटारीचे कायदे अशा माझ्या विषयाबाहेरच्या प्रदेशांत हिंडावे लागले. त्या भटकंतीतून जे हाती लागले ते येथे क्रमाने मांडतो आहे. वाहन चालवण्याविषयीचा लेख साहित्याच्या अभ्यासकांपुढे का ठेवावा, ही शंका रास्त आहे. माझे उत्तर इतकेच की 'पाहणे म्हणजे काय' हा प्रश्न जितका समीक्षेचा आहे तितकाच तो रस्त्याचाही आहे. रस्त्यावर त्याचे चुकीचे उत्तर देणाऱ्याला पुनर्लेखनाची संधी मिळेलच असे नाही.

तीन शब्द

आरंभी आपल्या भाषेकडे पाहू. मराठीत 'दिसणे' आणि 'पाहणे' ही दोन वेगळी क्रियापदे आहेत आणि त्यांची वाक्यरचनाही वेगळी आहे. 'मला सायकल दिसली' या वाक्यात कर्तेपण सायकलीकडे जाते. 'मी' चतुर्थीत, केवळ अनुभव घेणारा. 'मी सायकल पाहिली' या वाक्यात करणारा मी असतो. वस्तू दिसते ती आपोआप. पाहावी लागते ती मात्र मुद्दाम. या दोहोंच्या पलीकडचा तिसरा शब्द 'भान'. संस्कृतात 'भान' म्हणजे प्रकाशणे, प्रकट होणे. मराठीत तो शब्द बाहेरच्या वस्तूकडून माणसाच्या चित्ताकडे सरकला. 'भान असणे' म्हणजे आपण कोठे आहोत, भोवती काय चालले आहे आणि पुढे काय होऊ शकेल यांची एकत्रित जाणीव असणे. रस्त्यावरील सुरक्षिततेविषयीचा विचार गेल्या दीडशे वर्षांत दिसण्याकडून पाहण्याकडे आणि पाहण्याकडून भानाकडे सरकत आला, असे मला वाटते. मात्र ही वाटचाल सरळ रेषेत झालेली नाही, आणि आपल्याकडे तर ती पुरतीही झालेली नाही.

सारथ्याचे रूपक आपल्या परंपरेला अनोळखी नाही. कठोपनिषदात देहाला रथ, आत्म्याला रथी, बुद्धीला सारथी, मनाला लगाम आणि इंद्रियांना घोडे म्हटले आहे. म्हणजे या मांडणीत डोळा हा एक घोडा आहे. सारथी तो नव्हे. महाभारताच्या कर्णपर्वात शल्य कर्णाचे सारथ्य करतो आणि वाटेत त्याचा तेजोभंग करीत राहतो. रथाचे चाक जमिनीत रुतण्याच्या कितीतरी आधी कर्णाच्या मनाची घडी विस्कटलेली असते. आधुनिक शास्त्रे आपल्या पूर्वजांना ठाऊक होती, असा दावा यातून मला मुळीच करायचा नाही. उपनिषदातील रथ वाहतुकीचे नियम सांगत नाही. तो आत्मसंयमाविषयी बोलतो. परंतु इंद्रिय आणि त्यावर हुकमत चालवणारा यांतला भेद त्या रूपकात स्पष्ट आहे, आणि पुढे पाश्चात्त्य जगाला तोच भेद अपघातांच्या मार्गाने नव्याने शोधावा लागला.

झेंडेवाला

इंग्लंडमध्ये १८६५ साली वाफेवर चालणाऱ्या रस्त्यावरील वाहनांसाठी एक कायदा झाला. गावाबाहेर ताशी चार मैल आणि गावात ताशी दोन मैल अशी वेगमर्यादा त्याने घातली. शिवाय वाहनापुढे किमान साठ यार्ड, म्हणजे सुमारे ५५ मीटर अंतरावर एका माणसाने लाल झेंडा घेऊन चालावे असे बंधन घातले. पुढे या कायद्याची पुष्कळ थट्टा झाली. प्रगतीच्या वाटेत उभ्या राहिलेल्या जुनाट बुद्धीचे उदाहरण म्हणून तो आजही सांगितला जातो. पण तो वेगळ्या नजरेने वाचला तर त्यात एक विचार दिसतो. यंत्र हाकणाऱ्याला पुढचा धोका वेळेत कळेलच असे नाही, हे त्या कायद्याने गृहीत धरले होते. म्हणून धोक्याचे भान त्याने चालकाच्या बाहेर, एका वेगळ्या माणसाच्या हाती दिले. झेंडेवाला हा चालकाचा पुढे पाठवलेला डोळा होता, आणि घोडे, गुरे व पादचारी यांना मिळालेली आगाऊ सूचनाही.

१८७८ साली हे अंतर वीस यार्डांवर आले आणि लाल झेंड्याची सक्ती सैल झाली. नोव्हेंबर १८९६ मध्ये नवा कायदा अमलात आला आणि हलक्या मोटारींपुढून माणूस चालवण्याचे बंधनच गेले. वेगमर्यादा ताशी १४ मैलांपर्यंत वाढली. त्याच वर्षी १७ ऑगस्टला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही ४४ वर्षांची स्त्री एका प्रात्यक्षिकाच्या मोटारीखाली सापडून मरण पावली. मोटारीच्या धक्क्याने दगावलेली ब्रिटनमधील ती पहिली पादचारी मानली जाते. मोटार किती वेगात होती याविषयी चालकाचे म्हणणे एक आणि पाहणाऱ्यांचे दुसरे. चौकशीअंती अपघाती मृत्यू असा निर्णय झाला.

या दोन घटना एकमेकींचे कारण नाहीत. पण त्या शेजारी ठेवल्या की काळाचा बदल स्पष्ट होतो. झेंडेवाला रस्त्यावरून गेला. त्याचे काम मात्र संपले नाही. पुढे काय आहे आणि काय होऊ शकेल हे ओळखण्याची जबाबदारी आता चालकाच्या डोक्यात गेली. ती तेथे खरोखर पोचली आहे की नाही, हे तपासण्याचा विचार कोणी केला नव्हता.

डोळ्यावरचा आरोप

रस्त्याच्या आधी हा प्रश्न रेल्वेपुढे उभा राहिला होता. नोव्हेंबर १८७५ मध्ये स्वीडनमधील लागेरलुंडा येथे दोन गाड्यांची टक्कर होऊन नऊ माणसे मरण पावली. उप्साला विद्यापीठातील शरीरशास्त्राचे प्राध्यापक फ्रिथ्योफ होल्मग्रेन यांनी या अपघातामागे रंगांधत्व असावे असा तर्क मांडला. सिग्नलचा लाल आणि हिरवा दिवा ज्याला वेगळा ओळखता येत नाही, त्याच्या हाती गाडी असणे हेच संकट, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी रंगीत लोकरीच्या लडी वापरून एक सोपी चाचणी तयार केली. एक लड समोर ठेवायची आणि ढिगातून तिच्या जवळच्या छटेच्या लडी निवडायला सांगायचे. रेल्वेच्या २६६ नोकरांना तपासले तेव्हा त्यांत १३ जण रंगांध निघाले. लवकरच ही लोकरीची चाचणी अनेक देशांच्या रेल्वेत आणि जहाजांवर रूढ झाली. १८६२ साली हॉलंडमधील हर्मन स्नेलेन यांनी अक्षरांचा तक्ता तयार केलाच होता. अक्षरांचा तक्ता आणि लोकरीच्या लडी यांच्या साह्याने चालकाचा डोळा मोजता येऊ लागला.

या कथेला पुढे एक अनपेक्षित पुरवणी जोडली गेली. जे. डी. मॉलन आणि एल. आर. कॅव्होनियस या दोन संशोधकांनी लागेरलुंडाच्या अपघाताची कागदपत्रे पुन्हा तपासून २०१२ साली एक निबंध प्रसिद्ध केला. रंगांधत्वामुळेच तो अपघात झाला असे उपलब्ध पुराव्यांवरून ठामपणे म्हणता येत नाही, हे त्यांनी दाखवले. म्हणजे ज्या अपघाताने जगभर डोळ्यांची तपासणी आणली, त्या अपघाताचा दोष डोळ्याचा होता की नव्हता हेच संशयास्पद आहे. होल्मग्रेन यांच्या चाचणीचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही, कारण रंग ओळखता न येणे हा सिग्नलच्या कामात खराच दोष होता. पण या कथेतून एक सवय लक्षात येते. अपघात झाला की आपण मोजता येईल असे कारण शोधतो. डोळा मोजता येतो, म्हणून दोष डोळ्यावर जातो. मनाची तपासणी करणारा तक्ता तेव्हा कोणापाशीच नव्हता.

पुढचे पाहणारे मन

तसा तक्ता करण्याचा पहिला उल्लेखनीय प्रयत्न अमेरिकेत झाला. ह्यूगो म्युन्स्टरबर्ग हे मूळचे जर्मन मानसशास्त्रज्ञ हार्वर्ड विद्यापीठात होते. विजेवर चालणाऱ्या ट्रामचे अपघात तेव्हा अमेरिकी शहरांत चिंतेचा विषय झाले होते. १९१२च्या सुमारास त्यांनी बोस्टनच्या ट्रामचालकांवर प्रयोग केले आणि १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या औद्योगिक मानसशास्त्रावरील ग्रंथात ते मांडले.

त्यांची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. ट्रामची छोटी प्रतिकृती करून त्यांनी प्रयोग केला नाही. एका पत्त्यावर मधोमध रूळ दाखवणाऱ्या रेषा आणि त्यांच्या दोन्ही बाजूंच्या चौकोनांत आकडे. १ म्हणजे पायी चालणारा, २ म्हणजे घोडा, ३ म्हणजे मोटार. जितका आकडा तितकी घरे तो पुढे सरकणार. काळा आकडा रुळांना समांतर जाणारा, म्हणून निर्धोक. लाल आकडा रुळांकडे वळणारा. असे पत्ते एकामागून एक नजरेखालून सरकत असताना कोणता आकडा रुळांवर येऊन पोचेल ते चालकाने सांगायचे. रुळांपासून दोन घरे दूर असलेला पादचारी पोचणार नाही. तेवढ्याच अंतरावरचा घोडा पोचेल. येथे डोळा तीक्ष्ण असून भागत नाही. आकडा सर्वांनाच दिसतो. तो पुढच्या क्षणी कोठे असेल हे ओळखणे म्हणजे परीक्षा. रस्त्यावर जे अजून घडलेले नाही ते पाहण्याच्या शक्तीला येथे प्रथमच मोजमापाचा विषय केले गेले.

याच विचाराला १९३८ साली अधिक व्यापक रूप मिळाले. जेम्स गिब्सन आणि लॉरेन्स क्रुक्स या दोघांनी मोटार चालवण्याच्या क्रियेचे सैद्धांतिक विश्लेषण करणारा एक निबंध लिहिला. त्यांच्या मते चालक रस्त्यावरील वस्तू सुट्या सुट्या पाहत नाही. त्याच्या पुढे दर क्षणी एक 'सुरक्षित प्रवासाचे क्षेत्र' पसरलेले असते. ते जिभेसारखे पुढे निघते, अडथळ्यापाशी आखडते, मोकळ्या रस्त्यावर लांबते. चाक फिरवणे म्हणजे मोटारीचे तोंड त्या क्षेत्राच्या मध्यभागी ठेवणे. त्याच्या आत दुसरे एक लहान क्षेत्र असते, ते म्हणजे गाडी थांबवायला लागणारे कमीत कमी अंतर. पहिले क्षेत्र आखडत दुसऱ्याच्या जवळ येऊ लागले की पाय ब्रेककडे गेला पाहिजे.

या निबंधातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी की, या क्षेत्राची सीमा केवळ दिसणाऱ्या वस्तूंनी ठरत नाही. उभ्या ट्रकच्या मागून एखादे मूल धावत येऊ शकते. ते मूल दिसलेले नाही, कदाचित ते नाहीच. तरीही जाणत्या चालकाचे क्षेत्र त्या ट्रकपाशी आखडते. नवख्याचे आखडत नाही. दोघांच्या दृष्टिपटलावर उमटलेले चित्र तेच असते. रस्ता मात्र प्रत्येकाचा वेगळा. एकच संहिता दोन वाचकांच्या हाती वेगळी का होते, याची चर्चा आपण वर्गात करतो. शब्दांमधल्या मोकळ्या जागा वाचक आपल्या अनुभवाने भरतो असे म्हणतो. रस्त्यावरच्या मोकळ्या जागाही तशाच भराव्या लागतात.

राग, भीती आणि आंधळेपणा

आतापर्यंतच्या मांडणीत चालकाचे मन हे थंड डोक्याने हिशेब करणारे यंत्र होते. त्यात भावनांचा प्रवेश झाला तो थोड्या उशिरा. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातल्या लंडन शहरात टिलमन आणि हॉब्स या दोन डॉक्टरांनी टॅक्सीचालकांचा अभ्यास करून १९४९ साली निष्कर्ष मांडले. वारंवार अपघात होणारे आणि क्वचित होणारे अशा दोन गटांची त्यांनी तुलना केली. पहिल्या गटातील माणसांच्या घरगुती, सामाजिक आणि व्यावसायिक आयुष्यातही त्यांना तेच धसमुसळेपण, तीच बेपर्वाई आढळली. माणूस ज्या रीतीने जगतो त्याच रीतीने तो गाडी चालवतो, असा त्यांच्या अभ्यासाचा मथितार्थ.

हा निष्कर्ष ऐकायला पटकन पटतो, म्हणूनच तो जपून घ्यायला हवा. 'अपघातप्रवण माणूस' ही कल्पना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुष्कळ गाजली. माणसांवर असा शिक्का मारला की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. वाईट माणसे वाईट चालवतात, आपण तर चांगले. मी स्वतःला चांगल्यांत गणत होतो, आणि दूधवाल्याची सायकल माझ्याच गाडीखाली आली. स्वभाव हे एक कारण असेल. पण एखाद्या सकाळची मनःस्थिती हे त्याहून अधिक सार्वत्रिक कारण आहे, आणि त्यातून कोणीच सुटत नाही.

ही मनःस्थिती नजरेचे नेमके काय करते, याचे एक उत्तर ईस्टरब्रुक या मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली सुचवले. भावना जसजशी तीव्र होते तसतशी माणूस वापरू शकेल अशा खुणांची संख्या कमी होते. लक्ष आखडते आणि मध्यभागी जमा होते. कडेचे सुटू लागते. डोळ्याची मूळ रचना पाहिली तर हे किती महागात पडते ते कळेल. आपली स्पष्ट नजर फार अरुंद असते. हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढा जो भाग दिसतो, साधारण तेवढाच भाग डोळा एका वेळी बारकाईने पाहू शकतो. बाकीचे सारे दृश्य धूसर असते आणि डोळा सतत इकडून तिकडे उड्या मारीत ते शिवून घेतो. कडेला काही हलले की तिकडे वळायचे, ही त्याची रीत. राग किंवा भीती या कडेच्या सूचनाच मंद करते. आणि ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे गेलेली असते.

भाषेने हे पूर्वीच नोंदवून ठेवले आहे. क्रोधांध, मदांध, कामांध हे शब्द आपण इतके वापरले की त्यांतले अंधत्व आपल्याला केवळ अलंकार वाटू लागले. रागाने 'डोळे फिरतात', धक्क्याने 'डोळ्यांपुढे अंधारी येते'. रस्त्यावर हे शब्द अलंकार राहत नाहीत, शब्दशः खरे होतात.

पाहिले, पण दिसले नाही

१९७२ साली मूरंट आणि रॉकवेल या अमेरिकी संशोधकांनी नवख्या आणि अनुभवी चालकांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवल्या. नवख्यांची नजर गाडीच्या जवळच्या रस्त्यावर अधिक रेंगाळत होती, आडव्या दिशेने कमी फिरत होती आणि आरशांकडे कमी वळत होती. अनुभवी चालकांची नजर दूरवर आणि रुंद पसरत होती. म्हणजे अनुभव हाता-पायांइतकाच डोळ्यांच्या सवयींतही साठतो.

पण नजर योग्य जागी पडली तरी काम झाले असे नाही. मोबाइल फोन आल्यावर हे फार स्पष्टपणे सिद्ध झाले. युटा विद्यापीठातील डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ आणि २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चालकासारखे बसवलेल्या व्यक्तींना फोनवर बोलायला लावले. फोन हातात धरला काय किंवा हात मोकळे ठेवून बोलले काय, फारसा फरक पडला नाही. रस्त्यालगतच्या ज्या फलकांवर त्यांची नजर खरोखर स्थिरावली होती, तेही त्यांना नंतर ओळखता येईनात. डोळ्याने आपले काम केले होते. आत घेणारे कोणी जागेवर नव्हते. हा प्रयोग वाचताना मला दूधवाल्याचा प्रश्न आठवला. माझ्या हाती त्या सकाळी फोन नव्हता. संभाषण मात्र चालू होते, आदल्या संध्याकाळचे.

नोव्हेंबर २००२ पासून ब्रिटनमध्ये परवान्यासाठीच्या लेखी चाचणीला धोका ओळखण्याची चाचणी जोडण्यात आली. उमेदवाराला १४ लहान चित्रफिती दाखवतात. त्यांत उलगडत जाणारे १५ धोके असतात. धोका आकार घेऊ लागल्याबरोबर बटण दाबायचे. लवकर ओळखले तर गुण अधिक, उशिरा ओळखले तर कमी. नोव्हेंबर १८९६ मध्ये त्या देशाने मोटारीपुढचा माणूस काढून टाकला होता. त्याचे काम चालकाच्या मनात उतरले आहे की नाही याची औपचारिक परीक्षा घ्यायला त्याला १०६ वर्षे लागली.

एक आक्षेप

या सगळ्या इतिहासावर एक गंभीर आक्षेप घेता येतो, आणि तो टाळणे बरोबर होणार नाही. चालकाच्या डोळ्याची, मनाची, भानाची चर्चा वाढली की रस्ता आणि वाहन यांचे दोष झाकले जातात. अमेरिकेत राल्फ नेडर यांनी १९६५ साली मोटार-उत्पादकांवर नेमके हेच बोट ठेवले. चालकाला उपदेश करणे स्वस्त असते, गाडी सुरक्षित बनवणे महाग. पुढच्याच वर्षी तेथे वाहनांच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. १९९७ साली स्वीडनच्या संसदेने 'शून्य मृत्यू'चे धोरण स्वीकारले. माणूस चुकणार हे धरूनच रस्ते, वेग आणि वाहने यांची आखणी व्हावी, म्हणजे चुकीची शिक्षा मृत्यू ठरणार नाही, असा त्याचा आशय. १८७५ साली चालकाच्या डोळ्यावर ठपका ठेवणाऱ्या त्याच देशात सव्वाशे वर्षांनी हा विचार रुजला, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

हा आक्षेप मला मान्य आहे. पण तो भानाच्या विचाराला खोडत नाही. त्याला त्याची मर्यादा दाखवतो. माणसाची नजर अरुंद आहे आणि मन चंचल आहे हे कळल्याशिवाय क्षमाशील रस्ता आखता येत नाही. आणि असा रस्ता होईपर्यंत जो रस्ता आहे त्यावरून सायकलवाले, शाळकरी मुले आणि म्हातारी माणसे जातच राहणार.

आपल्याकडे

भारतात मोटारींविषयीचा पहिला देशव्यापी कायदा १९१४ साली झाला, दुसरा १९३९ साली आणि आज चालू असलेला १९८८ साली. १९८९च्या केंद्रीय नियमांतील परवान्याच्या नमुन्यात अर्जदाराला आपल्या प्रकृतीविषयी काही प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात. चांगल्या उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरपाटी वाचता येते का? लाल आणि हिरवा रंग ओळखता येतो का, असाही प्रश्न त्यात होता. दुसऱ्या प्रश्नात होल्मग्रेन यांची लोकर होती. रंगांधांविषयीची अट २०२० साली सैल झाली आणि सौम्य व मध्यम रंगांधत्व असलेल्यांना परवाना मिळू लागला, हे योग्यच झाले. प्रत्यक्ष चाचणीत मात्र भर असतो तो चिन्हे ओळखण्यावर आणि मैदानावर आठचा आकडा काढण्यावर. मैदानात कोणी आडवे येत नाही आणि आठचा आकडा काढताना कोणाचा राग येत नाही.

केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात ४,६१,३१२ रस्ते-अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसे मरण पावली. यांतल्या बहुसंख्य मृत्यूंची नोंद अतिवेग या सदराखाली झाली आहे. वेग हे कारण खरेच आहे, आणि ते मोजता येणारेही आहे. पण वेगाच्या मागे काय होते, उशीर, अपमान, चढाओढ की नुसता कंटाळा, हे सांगणारा रकाना कोणत्याही पंचनाम्यात नसतो. लागेरलुंडाच्या वेळी जे घडले तेच थोड्या वेगळ्या रीतीने आजही घडते आहे.

चाळिशी उलटल्यावर मला परवान्याचे नूतनीकरण करावे लागले. वैद्यकीय दाखल्यासाठी डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत मी चष्म्यासह बिनचूक वाचले. दाखल्यावर सही झाली. माझे डोळे खरोखरच चांगले आहेत. त्या डिसेंबरातही ते चांगलेच होते.

त्यानंतर मी एक साधी सवय लावून घेतली आहे. किल्ली फिरवण्यापूर्वी क्षणभर थांबून, आत्ता मनात कोण बोलते आहे ते पाहायचे. कोणाशी भांडण चालू असेल तर ते पुरे होईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. यामुळे दोन-तीनदा पहिल्या तासाला उशीर झाला. विद्यार्थ्यांनी कारण विचारले तेव्हा सांगितलेही. ते हसले. पण त्यांतले बरेचसे मोटारसायकलवरून येतात, कानात गाणी लावून येतात, आणि एक-दोघांनी तास संपल्यावर परत येऊन त्या ट्रकमागच्या मुलाविषयी पुन्हा विचारले. दूधवाले अजून त्याच रस्त्याने जातात. समोर आले की मी वेग कमी करतो आणि ते हात वर करतात. मी त्यांना पाहिले आहे, याची खात्री करून घेऊनच ते पुढे जातात.